चार फुटांत फ्लो मीटर: जागा अपुरी असताना पाइपमधला प्रवाह नीट कसा मोजायचा

पंप, त्याच्या डोक्यावर एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), मग बटरफ्लाय व्हॉल्व्ह, लगेच एल्बो, म्हणजे पाइपचं वळण, आणि एल्बोपासून भिंतीपर्यंत जेमतेम चार फूट पाइप. एमआयडीसीतली कितीतरी पंपहाउसं अशीच असतात, कारण ती बांधताना मीटरचा विचार कुणी केलेला नसतो. मग एक दिवस वरून निरोप येतो, ‘या लाइनला फ्लो मीटर बसवा’, आणि ते काम हमखास नव्याने रुजू झालेल्याच्या गळ्यात पडतं. मॅन्युअल उघडलं की अट दिसते: मीटरच्या आधी पाच डी, नंतर दोन डी सरळ पाइप हवा. डी म्हणजे पाइपचा आतला व्यास. सहा इंची लाइन असेल तर आधी ७५० मिलिमीटर, नंतर ३००, शिवाय मीटरची स्वतःची लांबी. चार फुटांत ते बसत नाही.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. कूलिंग वॉटर, बोअरवेल, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) अशा पाण्याच्या लाइनी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. वाफ आणि गॅसचं गणित वेगळं, ते इथे ओढत नाही. एक मत आधीच सांगून टाकतो: जागेचा प्रश्न मीटरची ऑर्डर जाण्याआधी सुटतो. मीटर येऊन स्टोअरमध्ये पडला की उरतात त्या तडजोडी.

## १. आकडा कशाला हवा, ते आधी विचारा

‘अचूक हवा’ हे उत्तर कुणीही देईल. त्यावर थांबू नका. आकड्याचं पुढे काय होणार ते विचारा.

सरकारी कामासाठी हवा असेल तर तुमच्या हाताला फारशी मोकळीक नाही. भूजल उपसणाऱ्या उद्योगांना केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे छेडछाड करता न येणारा, टेलिमेट्री असलेला, म्हणजे आकडे दूरवर आपोआप पाठवणारा, डिजिटल मीटर लागतो, आणि त्याचं दरवर्षी कॅलिब्रेशनही करून घ्यावं लागतं. तिथे घरगुती जुगाड करू नका. जो मीटर कमी जागेत चालेल असं उत्पादकाने लेखी दिलंय तोच घ्या.

पैशाचा किंवा डोसिंगचा हिशेब असेल, म्हणजे दोन युनिटमध्ये पाण्याचं बिल वाटायचंय किंवा प्रवाहाच्या प्रमाणात केमिकल सोडायचंय, तर एक-दोन टक्क्यांचा फरकही जाणवतो. इथे या लेखातले बहुतेक उपाय उपयोगी पडतील.

आणि नुसता पंपावर डोळा ठेवायचा असेल तर? मग मीटर रोज तीन टक्के जास्त दाखवत असला, पण रोज तेवढंच जास्त दाखवत असला, तरी काम भागतं. पंपाचं इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, झिजायला लागलं की आकडा उतरताना दिसणारच. अशा जागी महागडा मीटर मागू नका, पर्चेसवाले उगाच वाद घालतील आणि या वेळी त्यांचं बरोबर असेल.

## २. हातात काय काय हवं

जागेवर जायच्या आधी एवढं गोळा करा:

- लाइनचं ड्रॉइंग. जुनं असेल तरी चालेल, पण त्यावर विश्वास ठेवू नका.
- पंपाचा कर्व्ह (किती दाबाला किती प्रवाह, हा आलेख) किंवा निदान नेमप्लेटचा फोटो.
- पाइपचं शेड्यूल, म्हणजे जाडीचा वर्ग. माहीत नसेल तर अल्ट्रासॉनिक जाडीमापक.
- मेझर टेप, व्हर्नियर, स्पिरिट लेव्हल, खडू.
- पाण्याचा लॅब रिपोर्ट: कंडक्टिव्हिटी, तरंगते घनपदार्थ, पीएच.
- किमान, नेहमीचा आणि कमाल प्रवाह, तिन्ही आकडे. एकच आकडा देणाऱ्याला परत पाठवा.
- दाब आणि तापमान.
- डेटाशीटचा कोरा फॉर्म. उत्पादकाचा असेल तर उत्तम.

पाण्याची कंडक्टिव्हिटी का विचारायची? इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर, म्हणजे आपला मॅग मीटर, वीज वाहून नेणाऱ्या द्रवावरच चालतो. साधारण ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली बहुतेक मॅग मीटर हात टेकतात. बोअरचं पाणी, ईटीपीचं पाणी यांना अडचण नाही. डीएम प्लांटचं (क्षार काढून टाकलेलं) पाणी, डिझेल, थर्मिक ऑइल यांच्यावर मात्र तो चालणारच नाही. डीएम वॉटरवर मॅग मीटर मागवणं ही फार जुनी आणि तरीही रोज घडणारी चूक आहे.

## ३. जागा मोजताना लांबी नंतर, अडथळा आधी बघा

नवा माणूस टेप लावून सरळ पाइपची लांबी लिहून घेतो आणि येतो. ती लांबी अर्धीच माहिती आहे. तिच्या आधी काय आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

वळणावर एसटीतले प्रवासी एका बाजूला कलतात, तसं एल्बोमधून बाहेर पडणारं पाणी बाहेरच्या बाजूला जोर धरतं. पाइपच्या एका अंगाला वेग जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. हा कल थोड्या अंतरात जिरतो. पण दोन एल्बो लागोपाठ असतील आणि एक आडवा, दुसरा उभा असेल, तर पाणी कलतंही आणि पाइपमध्ये गोल फिरायलाही लागतं. हे फिरणं चिवट असतं, एका एल्बोच्या परिणामापेक्षा कितीतरी लांब टिकतं. अर्धवट उघडा बटरफ्लाय व्हॉल्व्ह प्रवाहाचे दोन तुकडे करून दोन बाजूंनी सोडतो. पंपाच्या लगेच पुढे तर सगळंच एकत्र: फिरणं, धडधड, आणि कधी हवेचे बुडबुडेही.

म्हणून वहीत असं लिहा: ‘प्रवाहाच्या दिशेने आधी: पंप, एनआरव्ही, बटरफ्लाय, एल्बो आडवा. मग १२०० मिलिमीटर सरळ. मग गेट व्हॉल्व्ह.’ एल्बो किती आणि कोणत्या पातळीत, हे लिहिलंच पाहिजे. चारही बाजूंनी फोटो काढा. सप्लायरच्या इंजिनिअरला हेच हवं असतं, आणि तो नेमकं हेच विचारायला विसरतो.

आतला व्यास मात्र मोजूनच घ्या. सहा इंची पाइप म्हणजे आत १५० असं समजून चालू नका. शेड्यूल ४० च्या सहा इंची पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ आणि जाडी ७.११ मिलिमीटर, म्हणजे आत सुमारे १५४. जुन्या लाइनीत खार धरला असेल तर आणखी कमी. क्लॅम्प-ऑन मीटर, म्हणजे पाइपच्या बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक मीटर, लावणार असाल तर आतल्या व्यासातली चूक वर्ग होऊन प्रवाहात येते: व्यासात २ टक्के चुकलात की प्रवाहात ४ टक्के.

## ४. कोणाला किती सरळ पाइप लागतो

ढोबळ आकडे ध्यानात ठेवा, अंतिम शब्द मात्र मॅन्युअलचा.

मॅग मीटरला साधारण आधी ५ डी, नंतर २ ते ३ डी. टर्बाइनला, म्हणजे आत चाक फिरणाऱ्या मीटरला, १० आणि ५. क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिकलाही १० आणि ५ म्हणतात, पण पंपाच्या पुढे असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट धरा. व्हॉर्टेक्सला, म्हणजे अडथळ्यामागचे भोवरे मोजणाऱ्या मीटरला, आधी १५ ते २० च्या आसपास.

सगळ्यात हावरी ऑरिफिस प्लेट, म्हणजे मधोमध भोक असलेली चकती; भोकाच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावरून ती प्रवाह काढते. तिच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, आयएसओ ५१६७ चा, तक्ता बघा: बीटा, म्हणजे भोकाचा व्यास भागिले पाइपचा व्यास, ०.५ असेल तर एका एल्बोनंतर २२ डी, आणि ०.६ झाला की एकदम ४२ डी. सहा इंची लाइनवर ४२ डी म्हणजे सहा मीटरहून जास्त. अपुऱ्या जागेत साधी ऑरिफिस सुचवणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसऱ्या टोकाला कोरिऑलिस (नळीच्या कंपनावरून वस्तुमान मोजणारा) आणि पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट (ठरावीक मापाचे कप्पे भरून मोजणारा) मीटर. यांना सरळ पाइप जवळपास लागतच नाही, कारण ते वेगाच्या नक्षीवरून प्रवाह काढत नाहीत. त्यांच्याकडे सातव्या पायरीत येऊ.

हे ‘डी’ कुठून मोजायचे, हा एक लपलेला मुद्दा आहे. काही मॅग मीटर उत्पादक फ्लँजपासून मोजतात, काही इलेक्ट्रोडच्या (पाण्यातला सिग्नल उचलणाऱ्या दोन टोकांच्या) रेषेपासून, म्हणजे मीटरच्या मधोमधपासून. इलेक्ट्रोडपासून असेल तर मीटरची अर्धी लांबी तुमच्या पदरात पडते. सहा इंची मीटरची लांबी बहुधा ३०० मिलिमीटर असते, म्हणजे १५० फुकटात मिळाले. अडचणीच्या जागी एवढ्यानेही कधीकधी प्रश्न मिटतो.

## ५. हीच जागा कशाला?

पाणी मध्ये कुठे फुटत नसेल तर एका लाइनीत सगळीकडे प्रवाह सारखाच असतो. हे कागदावर सगळ्यांना माहीत असतं, पण मीटर मात्र पंपहाउसमध्येच हवा असा आग्रह असतो, कारण पॅनेल तिथे आहे. पॅनेल तिथेच राहू द्या. सेन्सर वेगळा आणि आकडा दाखवणारा-पाठवणारा ट्रान्समीटर वेगळा असा मॅग मीटर मिळतो. सेन्सर पाइपरॅकवर लांब सरळ पट्ट्यात बसवा, ट्रान्समीटर डोळ्यांच्या उंचीवर, आणि मध्ये उत्पादकाने दिलेली केबल. केबलची कमाल लांबी कंडक्टिव्हिटीवर अवलंबून असते, ती आधी तपासा.

पाइप धरून चालत जा. शब्दशः, पंपापासून टाकीपर्यंत. चालताना या गोष्टी शोधा:

उभा पाइप, पाणी वर चढणारा. मॅग मीटरला याहून चांगली जागा नाही. पाइप कायम भरलेला, हवा वर निघून जाते, गाळ एका बाजूला बसत नाही. पाणी खाली उतरणारा उभा पाइप मात्र टाळा, विशेषतः पुढे टाकीत मोकळा सुटत असेल तर. तिथे पाइप अर्धा रिकामा राहतो आणि मीटर भरलेल्याचाच हिशेब करतो.

व्हॉल्व्हची अदलाबदल. प्रवाह नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह मीटरच्या आधी असेल तर तो मीटरच्या नंतर नेता येतो का ते बघा. शटडाऊनमध्ये अर्ध्या दिवसाचं काम, आणि मीटरवर येणारा सगळ्यात वाईट गोंधळ गायब. शिवाय मीटर दाबाखाली राहतो.

डोसिंगचा पॉइंट. क्लोरीन, ॲसिड, अँटिस्केलंट जे काही सोडता ते मीटरच्या पुढे सोडा, आधी नको. न मिसळलेल्या केमिकलमुळे कंडक्टिव्हिटी वरखाली होते आणि आकडा नाचतो.

एक जागा कधीच निवडू नका: पंपाची सक्शन. तिथे जागा बऱ्याचदा छान मोकळी दिसते. पण व्हॅक्यूम आला तर टेफ्लॉनचं लायनिंग, म्हणजे मीटरच्या आतलं अस्तर, आत खेचलं जातं आणि मीटर कायमचा जातो.

## ६. लाइन बारीक करा

माझ्या मते अपुऱ्या जागेवरचा सगळ्यात चांगला उपाय हाच, आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही.

बहुतेक लाइनी गरजेपेक्षा मोठ्या टाकलेल्या असतात. आपलं उदाहरण घ्या: सहा इंची लाइन, प्रवाह तासाला ४० घनमीटर. आतला व्यास १५० मिलिमीटर धरला तर वेग सेकंदाला ०.६३ मीटर. मॅग मीटर चालेल, पण त्याला आवडतो तो १ ते ३ मीटरचा पट्टा. हाच प्रवाह १०० च्या मीटरमधून नेला तर वेग १.४१, आणि ८० च्या मीटरमधून नेला तर २.२. दोन्ही पट्ट्यात बसतात.

आता लांबीचं गणित. १५० च्या मीटरला आधी ७५०, मीटर ३००, नंतर ३००, एकूण १३५०. जागा १२००. बसत नाही. ८० चा मीटर घेतला तर: रिड्युसर (पाइप मोठ्याचा लहान करणारा निमुळता तुकडा) १४०, सरळ पाइप ४००, मीटर २००, सरळ पाइप १६०, पुन्हा रिड्युसर १४०. बेरीज १०४०. बसला, वर फ्लँजच्या बोल्टांना पाना फिरवायलाही जागा उरली. मीटर लहान म्हणून स्वस्त, तो फायदा वेगळाच.

दाब किती जातो, हा प्रश्न मेंटेनन्सचे साहेब नक्की विचारतील. उत्तर तयार ठेवा: या उदाहरणात दोन्ही रिड्युसर आणि मधला बारीक पाइप धरून नुकसान पाव मीटर पाण्याच्या उंचीच्या आत. तीस मीटर हेडच्या पंपाला ते कळणारही नाही. ग्रॅव्हिटीने वाहणाऱ्या लाइनीत मात्र पाव मीटर म्हणजे खूप, तिथे आधी हिशेब करा.

या उपायात काही खाचा आहेत, त्या नीट बघा.

रिड्युसरचा उतार. अनेक मॅन्युअल सांगतात, रिड्युसरची भिंत पाइपच्या रेषेशी ८ अंशांच्या आत कललेली असेल तर त्याची लांबी सरळ पाइपमध्ये धरा. हे वाचून लोक खूश होतात आणि बाजारातला रिड्युसर लावतात. सहा बाय तीनचा तयार बट-वेल्ड रिड्युसर १४० मिलिमीटर लांब असतो, आणि त्याचा कल भरतो जवळपास १६ अंश. म्हणजे सवलत लागू नाही, म्हणूनच वरच्या हिशेबात ५ डी पूर्ण धरले आहेत. ८ अंशांचा हवा असेल तर सुमारे २७० मिलिमीटर लांबीचा बनवून घ्यावा लागेल. फॅब्रिकेटरला ड्रॉइंग द्या, तोंडी सांगू नका.

कॉन्सेन्ट्रिक की एक्सेन्ट्रिक? कॉन्सेन्ट्रिक म्हणजे दोन्ही तोंडं एकाच मध्यरेषेवर, एक्सेन्ट्रिक म्हणजे एक बाजू सपाट. मीटरच्या दृष्टीने कॉन्सेन्ट्रिक बरा. आडव्या लाइनीत हवा अडकायची भीती असेल तर आधीचा रिड्युसर वरून सपाट असलेला एक्सेन्ट्रिक लावा.

किमान प्रवाहही तपासा, आणि कमालही. अंगावर झिजवणारी वाळू येत असेल तर वेग २ मीटरच्या आसपास किंवा खाली ठेवा, नाहीतर लायनिंग खरवडून निघेल. अशा वेळी ८० ऐवजी १०० चा मीटर. याउलट चिकट गाळ बसणारं पाणी असेल तर थोडा जास्त वेगच चांगला, इलेक्ट्रोड धुतले जातात.

## ७. नाहीच जमलं तर मीटरचा प्रकार बदला

आतून आवळलेला मॅग मीटर. मधला भाग मुद्दाम अरुंद केलेला. काही उत्पादक याला ‘शून्य डी’ म्हणून विकतात. आवळलेल्या गळ्यात पाणी वेग घेतं आणि त्याची नक्षी बरीच सारखी होते, त्यामुळे दाव्यात तथ्य आहे. पण तळटीप वाचा. कोणत्या अडथळ्यानंतर शून्य? एका एल्बोनंतर, की अर्धवट उघड्या व्हॉल्व्हनंतरही? आणि तेव्हा अचूकता किती, तीच की ढिली केलेली? हे ईमेलवर लेखी घ्या.

शून्य वर्गाचा वॉटर मीटर. बोअरवेलच्या दोन-तीन इंची लाइनीसाठी हा पर्याय लोक विसरतात. आयएसओ ४०६४ मध्ये वॉटर मीटरला यू आणि डी असे वर्ग असतात: यू म्हणजे मीटरच्या आधी लागणारा सरळ पाइप, डी म्हणजे नंतरचा. यू-शून्य डी-शून्य लिहिलेला मीटर एल्बोला लागून बसवला तरी चालतो, तशी चाचणी झालेली असते. पल्स आउटपुट असलेला घ्या म्हणजे टेलिमेट्रीला जोडता येईल.

पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट. डिझेल, फर्नेस ऑइल यांना ओव्हल गिअर मीटर उत्तम. आधी स्ट्रेनर हवाच, एक वेल्डिंगचा खडा आत गेला तरी गिअर अडकतात. गढूळ पाण्याला हा नको.

कोरिऑलिस. अचूक, सरळ पाइपची गरज नाही, आणि किंमत ऐकून मीटिंग संपते. लहान लाइनीत, महागड्या रसायनाला जरूर. सहा इंची कूलिंग वॉटरला नाही.

चार भोकांची कंडिशनिंग ऑरिफिस आणि कोन मीटर (पाइपच्या मधोमध शंकू बसवलेला). लाइनीत ऑरिफिसच ठेवायची सक्ती असेल, डीपी ट्रान्समीटर (दाबातला फरक मोजणारा) आधीच असेल, तर हे पर्याय आधी दोन-तीन डीमध्ये काम करतात.

आणि एक नको असलेला पर्याय: इन्सर्शन मीटर, पाइपला भोक पाडून दांडी आत घालायची. ‘जागाच लागत नाही साहेब’ असं म्हणून तो विकला जातो. बसवायला जागा लागत नाही हे खरं. पण तो पाइपमधल्या एका बिंदूचा वेग मोजतो, आणि एल्बोच्या जवळ तो बिंदू काहीही सांगू शकतो. अपुऱ्या जागेत सगळ्यात खोटं बोलणारा मीटर हाच.

## ८. फ्लो कंडिशनर: शेवटचा उपाय

फ्लो कंडिशनर म्हणजे वाकडा प्रवाह सरळ करण्यासाठी दोन फ्लँजमध्ये बसणारी भोकांची जाड प्लेट, किंवा बारीक नळ्यांची जुडी. नळ्यांची जुडी पाण्याचं गोल फिरणं मोडते, पण एका बाजूचा कल तितका सरळ करत नाही. भोकांची प्लेट दोन्ही बरं करते, बदल्यात दाब खाते. आणि कंडिशनर लावला म्हणजे सरळ पाइप लागतच नाही, हा गैरसमज. त्याच्या आधी-नंतरही काही डी लागतातच, आणि एकोणीस नळ्यांची जुडी स्वतःच दोन ते तीन डी लांब असते.

ईटीपी, नदीचं पाणी, कूलिंग टॉवरचं पाणी इथे कंडिशनर लावूच नका. पानं, प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे, शेवाळ भोकांत बसतं. मग प्रवाह सरळ होण्याऐवजी आणखी वाकडा होतो, आणि आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही.

## ९. बसवताना

इथे फिटर आणि वेल्डरच्या शेजारी उभं राहा. ऑफिसात बसून हे काम होत नाही.

1. सगळं वेल्डिंग मीटर न लावता पूर्ण करा. मीटरच्या जागी तेवढ्याच लांबीचा पाइपचा तुकडा टाका. मीटर लाइनीत असताना वेल्डिंग केलं तर करंट मीटरमधून जाऊ शकतो.
2. मीटरच्या आधीच्या पाइपमध्ये आतून हात फिरवा. वेल्डिंगचा उंचवटा हाताला लागला तर ग्राइंड करून घ्या. पाच डी सोडलेत आणि शेवटच्या सांध्यात तीन मिलिमीटरची वरंबी ठेवलीत, तर पाच डींचा उपयोग काय?
3. पॅकिंगचा आतला व्यास पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठा हवा. हाताने कापलेलं पॅकिंग हमखास आत डोकावतं. मॅग मीटरला ग्राफाइटचं पॅकिंग नको, त्याचा वीजवाहक थर आत बसतो.
4. आडव्या पाइपमध्ये इलेक्ट्रोड तीन आणि नऊ वाजण्याच्या रेषेत. एक वर, एक खाली असं बसलं तर वरच्याला हवा लागते, खालच्यावर गाळ बसतो.
5. टेफ्लॉन लायनिंगच्या फ्लँजवरचं झाकण अगदी शेवटच्या क्षणी काढा. बोल्ट टॉर्क रेंचने, समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळा.
6. पीव्हीसी, एचडीपीई किंवा रबर लायनिंगचा पाइप असेल तर अर्थिंग रिंग हव्यात. पुष्कळ ‘आकडा नाचतो’ तक्रारी इथे संपतात. रिंग मीटरच्याच ऑर्डरमध्ये घाला.
7. पाइपला दोन्ही बाजूंनी आधार द्या. मीटर म्हणजे पाइपचा आधार नव्हे.

बोअरवेलला आणखी एक: पंप सुरू होताना रिकाम्या पाइपमधली हवा आधी मीटरमधून धावते आणि आकडा उड्या मारतो. मीटरच्या आधी एअर व्हॉल्व्ह लावा.

ईटीपीच्या आउटलेटला पाइप अर्धाच भरत असेल तर पाइप खाली यू आकारात वळवून मीटर त्या खालच्या भागात बसवा, म्हणजे तो कायम बुडालेला राहील. गाळ काढायला तळाला ड्रेन व्हॉल्व्ह ठेवा. तेवढी खोली नसेल तर पाइपचा हट्ट सोडा, चेंबरमध्ये व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेला आडवा बांध, बसवा. ९० अंशांच्या नॉचमध्ये तासाला ४० घनमीटर पाणी सुमारे १४५ मिलिमीटर उंचीने वाहतं, वर अल्ट्रासॉनिक लेव्हल सेन्सर लावला की प्रवाह मिळतो.

## १०. सेटिंग, जिथे चांगला मीटर बदनाम होतो

सेन्सरच्या पाटीवर कॅलिब्रेशन फॅक्टर कोरलेला असतो. तोच ट्रान्समीटरमध्ये आहे का ते बघा. दोन मीटर एकाच वेळी आले की ट्रान्समीटरची अदलाबदल होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

मग रेंज. ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल पाठवतो आणि पीएलसी (कंट्रोल पॅनेलमधला संगणक) तो वाचतो. ट्रान्समीटरला ० ते ५० लावलंय आणि पीएलसीला ० ते १००, तर १२ मिलिअँपिअरला मीटर २५ दाखवेल आणि स्क्रीनवर ५० येईल. दोघांसमोर एकाच वेळी उभं राहून, फोनवर बोलत, आकडे जुळवा.

शून्य तपासताना पाइप भरलेला आणि पाणी थांबलेलं हवं. पाइप रिकामा करून शून्य बघण्यात अर्थ नाही.

## ११. टाकीने तपासा

कमी जागेत बसवलेल्या मीटरवर, कितीही काळजी घेतली तरी, एकदा टाकीची चाचणी घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नका. लॅबचं प्रमाणपत्र, मग ते पालक्काडच्या एफसीआरआय या फ्लो मीटर तपासणाऱ्या संस्थेचं का असेना, लॅबमधल्या लांब सरळ पाइपवर मिळालेलं असतं. तुमचा एल्बो तिथे नव्हता.

लाइन ज्या टाकीत जाते तिची आतली लांबी-रुंदी मोजा, आतल्या कॉलमचं क्षेत्रफळ वजा करा. समजा ६ चौरस मीटर राहिलं. टाकीतून बाहेर जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, ते गळत नाहीत ना हेही पंप सुरू करण्याआधी पातळी बघून तपासा. आता पंप सुरू करा, प्रवाह स्थिर होऊ द्या, मग पातळी आणि मीटरचा टोटलायझर (आतापर्यंतची एकूण बेरीज दाखवणारा आकडा) एकाच क्षणी लिहा. पंधरा मिनिटांनी पुन्हा दोन्ही लिहा. तासाला ४० च्या हिशेबाने १० घनमीटर पाणी येईल आणि पातळी १.६७ मीटर चढेल. पातळी वाचण्यात ५ मिलिमीटर चुकलात तरी चूक ०.३ टक्के. तेवढी चालते. तुलना टोटलायझरशीच करा, क्षणाच्या आकड्याशी नको.

हेच निम्म्या प्रवाहावर पुन्हा करा. आता निकाल वाचा. दोन्ही वेळा फरक सारखा, समजा तीन टक्के जास्त, आला तर एल्बोचा परिणाम स्थिर आहे. अंतर्गत वापराच्या मीटरमध्ये दुरुस्तीचा फॅक्टर घाला, जुना आणि नवा दोन्ही आकडे तारीख घालून रजिस्टरमध्ये लिहा. सरकारी नोंदीच्या मीटरमध्ये हात घालू नका, प्रमाणपत्र रद्द ठरेल. तिथे जागा किंवा मीटर बदला. दोन्ही वेळा फरक वेगवेगळा आला तर फॅक्टर घालून उपयोग नाही. हवा, अर्धा भरलेला पाइप किंवा बेताल व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी आहे, आधी तेच शोधा.

टाकी नसेल तर भाड्याचा क्लॅम्प-ऑन मीटर आणा आणि लाइनीच्या चांगल्या सरळ पट्ट्यावर लावा. पाइपच्या बाजूंना लावा, वर-खाली नको. जेल भरपूर. एक वाचन घेऊन थांबू नका, सेन्सर पाइपभोवती थोडे फिरवून पुन्हा घ्या. वाचनं एकमेकांशी जुळली तरच त्यांची सरासरी तुमच्या मीटरशी लावून बघा.

## १२. फाइल आणि तुकडा

फाइलमध्ये हे ठेवा: डेटाशीट, कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, सरळ लांबीबद्दलचा उत्पादकाचा ईमेल, बसवल्यानंतरचे मापं लिहिलेले फोटो, सेटिंगची प्रिंट, टाकीच्या चाचणीची नोंद. ऑडिटर आला की पहिला प्रश्न सरळ पाइपचाच येतो, आणि त्या ईमेलने तो तिथेच संपतो.

वेल्डिंगच्या वेळी मीटरच्या जागी टाकलेला पाइपचा तुकडा भंगारात जाऊ देऊ नका. मीटर कॅलिब्रेशनला जाईल तेव्हा लाइन चालू ठेवायला तोच लागतो. रंग मारून त्यावर लाइन नंबर आणि मीटरचा सीरियल नंबर लिहा, पॅकिंगचे दोन जादा नग तारेने त्यालाच बांधा, आणि पंपहाउसमध्येच ठेवा, स्टोअरमध्ये नको.